बघून शिकणारी

वाशीच्या क्लासात वीस प्रश्न, दोनशे रुपये
आणि लॅमिनेट केलेला कागद:
स्वरांगी शेडगे, इयत्ता आठवी.
प्रकार: बघून शिकणारी.
मॅडम म्हणाल्या, हिला ऐकवत बसू नका, वाया जाईल.

फ्रिजवर हृदय, दारावर हृदय,
मोरीच्या आरशावर लाल-निळ्या बाणांचं हृदय.
मी मोठ्यानं वाचायला घेतलं की पोरगी हात वर करायची,
"पप्पा, मी त्यातली नाही."
नाव स्वरांगी, आणि कानांना कुलूप.

चाचणीत दहापैकी तीन.
"चित्र दिसत होतं," म्हणाली, "नावं दिसेनात."

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटात एकवीस वर्षं.
शाळेतलं मला कोण विचारतं?
तरी शनिवारी तिला गाळ्यावर नेलं,
तळहातावर मिरची ठेवली. सांग.
"लाल."
लाल तर सगळ्याच, बाई.
सुरकुती चाचप. देठ मोड.
कानाशी हलव: बी वाजलं तर कोरडी,
गप्प बसली तर आत ओल, महिन्यात बुरशी.
मग नाक. धीर असेल तर जिभेचं टोक.

सात वेळा शिंकली.
आठवी मिरची डोळे मिटून ओळखली, ब्याडगी.
नववीला चुकली,
आणि घरी येईपर्यंत त्या नववीबद्दलच बोलत होती.

मला मुकादमानं कधी विचारलं नाही, तुझा प्रकार कुठला.
मिरची जशी आहे तशी शिकायची;
तू कसा आहेस, त्याचं मिरचीला काय?

त्या रात्री कोपरखैरण्याच्या गच्चीवर
खडूनं खोलीएवढं हृदय काढलं.
पाण्याची टाकी म्हणजे फुप्फुस.
ती अनवाणी चालली, रक्त होऊन, मोठ्यानं:
उजवं अलिंद, झडप, उजवं निलय,
टाकीला वळसा, डावं अलिंद...
खालच्या मजल्यावरचे कदम ओरडले, अकरा वाजले.
मग बादलीभर पाणी ओतून तिनं सगळं धुतलं,
आणि न बघता पुन्हा काढायला बसली.
इथं मात्र रडली थोडी.

पुढच्या चाचणीत सात. एक झडप अजून उलटी लागते.

कागद आहे अजून.
पाठीमागून कोरा, गुळगुळीत, पाटीसारखा.
स्केचपेननं त्यावर आठवून लिहिते, पुटपुटते,
बोटानं पुसते,
आणि तेच बोट डोळ्याला लावू नको म्हटलं तरी लावते.
शनिवारी ती गाळ्यावर येते ना हल्ली.