मागून येणारे दिवे

रात्री पावणेदहाला त्सुयाकोबाईंचा फोन:
"एक जण आहे. मेंढीचं मटण, बिअरच्या तीन बाटल्या,
किल्ली मुठीत आवळून बसलाय. लवकर या."

आम्ही दोघं निघतो. हाच आमचा धंदा.
मी गिऱ्हाइकाची गाडी गिऱ्हाइकाला घालून त्याच्या घरी नेतो,
फुमिए आमच्या छोट्या गाडीतून मागे मागे येते
मला परत आणायला.
"दोन गाड्या, दोन शुद्धीतली माणसं"
असं कार्डावर छापणार होतो.
ती म्हणाली, नको, लोकांना लागेल.

नेमुरोत बर्फ वरून पडत नाही,
समुद्राकडून आडवा येतो, चव घेतली तर खारट.

नोसाका. दातांचा डॉक्टर.
माझी एक दाढ त्यानेच काढलीय, दुखू न देता.
टेबलावरची जाळी अजून तापलेली,
कांद्याची एक चकती कडेने काळी पडत चाललेली.
"मी ठीक आहे. हे बघा," म्हणतो
आणि उठून ताठ उभा राहतो,
बक्षीस घ्यायला उभं राहावं तसा.
"आठच तर किलोमीटर. रस्ता तोंडपाठ आहे मला."

त्सुयाकोबाई ओले हात पुसत बाहेर येतात:
"रस्त्याला तुम्ही पाठ आहात का?"

किल्ली माझ्या तळहातावर येते.
गरम. किती वेळ धरली असेल.

गाडीत तो मागच्या सीटवर, स्वतःच्याच गाडीत पाहुणा.
दीपगृहाच्या फाट्यानंतर विचारतो,
"तुम्ही कधी पिऊन चालवलीत?"
वायपर इकडून तिकडे. मी म्हणतो, बर्फ वाढलाय.

सव्वीस वर्षं झाली.
भावाच्या लग्नाचं जेवण, साकेचे चार पेले, पाचवा आग्रहाचा,
आणि मी ह्याच वळणावरून एकटा घरी गेलो.
काही झालं नाही.
कोणी मेलं नाही, कुंपण मोडलं नाही,
पोलिसाने हात केला नाही.
फाटकाला कडी घातली, बूट काढून झोपलो.
सकाळी फावड्याने बर्फ ओढताना
गाडीच्या नाकावर, जाळीत, केस अडकलेले दिसले.
तपकिरी, ताठ. चार-पाच.
हरणाचे.
हरणाचेच असणार.
कढत पाणी ओतलं. निघाले.
चाकांच्या खुणांवरून मागे जाऊन बघितलं नाही;
खुणा नव्हत्याच, रात्रभर नवा बर्फ पडला होता,
आणि मला त्याचं बरं वाटलं.

ते बरं वाटणं अजून उतरलेलं नाही.

आरशात फुमिएचे दिवे.
ती कधी फार जवळ येत नाही, कधी हरवत नाही.
तिला मी हे सांगितलेलं नाही.
दाढ काढणाऱ्याला तर मुळीच सांगणार नाही.

त्याच्या दारात मी गाडी सरळ लावतो, हँडब्रेक ओढतो.
तो पैसे मोजून देतो, एक नोट जास्त, वाकतो,
आणि किल्ली घेताना हळूच म्हणतो,
"मी आणू शकलो असतो, बरं का."
"हो," मी म्हणतो. "पोचलाही असतात."

परतताना फुमिए विचारते, काय म्हणाला?
काही नाही.
वळण यायला अजून अवकाश आहे.
ती गिअर उतरवते, माझ्याकडे न बघता,
दर वेळी इथे उतरवते तसा,
आणि काळोखाला आधी जाऊ देते.