सांगावा

जतच्या कॉलेजमागे, हिरव्या जाळीखाली,
चौसष्ट कुंड्या. आस्कंद.
सकाळी सातला यल्लव्वा एकेक कुंडी काट्यावर ठेवते
आणि मी आकडा लिहिते:
कालपासून किती पाणी उडालं,
आज किती परत द्यायचं.
पहिल्या गटाला पोटभर.
दुसऱ्याला निम्मं.
तिसऱ्याला जीव राहील एवढंच.
चौथ्यालाही पोटभर, वर एक फवारा,
त्याचं पुढे सांगते.

यल्लव्वाला हे पटत नाही.
"टँकर आला की आमी घागरी मोजतो.
तुमी थेंब मोजता, त्येबी न द्यायला."
तिच्या घरी किती घागरी येतात
हे मी तीन वर्षांत विचारलं नाही.

कोरड आधी मुळाला कळते.
मूळ ओरडत नाही.
कणभर आम्ल तयार करतं
आणि देठातून वर सांगावा धाडतं:
दारं लावून घ्या.
पानाच्या पाठीवर हजारो ओठ असतात.
सूक्ष्मदर्शकाखाली मी ते मिटताना पाहिलेत,
वारा सुटल्यावर
मंगळवारच्या बाजारात एकेक ताडपत्री उतरावी, तसे.
ओठ मिटले की पाणी जात नाही,
पण हवाही आत येत नाही.
वाढणं राहून जातं.
मग हाताशी जे उरलंय
ते झाड कडू करून मुळात ठेवतं.

त्या कडूला पाच ओळींचं नाव आहे.
पुण्याहून आठ दिवसांनी कागद येतो,
त्यावर ते टोकदार शिखर होऊन उभं असतं.
यल्लव्वा मूळ मोडते, नाकाशी नेते,
"घोडा," म्हणते.
किंवा, "ह्यात घोडा न्हाई."
बावीस मुळांत दोनदाच चुकली.
प्रबंधात हे लिहायला जागा नाही.

आता चौथा गट.
कुणी कुरतडू लागलं की झाड
स्वतःच्याच अंगात एक हाक फिरवतं.
ती हाक बाटलीत विकत मिळते, महाग, जाईच्या वासाची.
अब्बांनी झाकण हुंगलं
(तीन पिढ्या अत्तराचं दुकान आमचं)
आणि म्हणाले, "जाई नाही ही, नजमा.
जाईनं कुणाला तरी घाबरून पाठवलेला निरोप आहे."
मी तो फवारला.
माती ओली होती, जाळीला भोक नव्हतं,
एक अळीसुद्धा नव्हती.
तरी तिसऱ्या दिवशी पानं सावध झाली
आणि मुळात कडू चढू लागलं.
इतकं नेमकं खोटं मी कधी बोलले नव्हते,
आणि इतक्या मुकाट्यानं
माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

जानेवारीत मुळं काढली.
पहिल्या गटाची जाडजूड, पांढरी,
सांगलीच्या पेठेत याच जाडीला भाव.
दुसऱ्याची बोटाहून बारीक,
आणि कागदावर त्यांची शिखरं सगळ्यांत उंच.
परीक्षक खूश झाले.
"बघा, संकटातच गुण येतो," म्हणाले,
आणि स्वतःचंच वाक्य डायरीत उतरवून घेतलं.
मी तिसऱ्या गटाचा ट्रे पुढे सरकवला.
सोळा कुंड्या. सात वाळलेल्या.
नऊ झाडांची मुळं मिळून माझ्या एका मुठीत मावली.
कागदावर त्यांची जवळजवळ आडवी रेष.
यल्लव्वानं हुंगलं.
"माती," म्हणाली.
डायरी मिटली गेली. चहा आला.

परवा पहिल्यांदा तिच्या घरी गेले.
उंबऱ्याशी दोन घागरी, एक झाकलेली कळशी,
आणि आमची कुंडी. क्रमांक एक्केचाळीस.
वाळलेल्या सातांतली.
बुडातून दोन पानं, लव असलेली, राखाडी हिरवी.
भांडी धुतलेलं पाणी घालते म्हणे.
"किती?" मी विचारलं,
सवयीनं पेन हातात.
ती हसली. "मोजलं न्हाई."

वहीत एक्केचाळीससमोर लिहिलंय: नष्ट.
मी ते खोडलेलं नाही.