सपाट रेघ

अकरा पेट्या. मीच चढवल्या, मीच उतरवल्या.
आठवीवर बाण काढलेला: ही बाजू वर.
तेन्देकोलोच्या लाल रस्त्यावर
खड्ड्यागणिक मी तिची माफी मागितली.

शाळा बंदच होती. दुसरीच्या वर्गात
फळ्यावर सातचा पाढा, बेचाळीसपाशी थांबलेला.
मादाम हाबा म्हणाल्या, पुसू नका.
बाकांवर यंत्रं मांडली,
जनरेटर माझ्या हवाली केला.
विषाणूतलं मला कळत नाही. डिझेलमधलं कळतं.

मागच्या साथीत रक्त मोटारसायकलवरून राजधानीला जायचं.
उत्तर यायचं सहाव्या दिवशी.
तोवर माणूस शेतावर गेलेला, नाहीतर मातीत,
आणि त्याला न्हाऊ घालणाऱ्या बाया तापाने फणफणलेल्या.
कागद मात्र नेटका, शिक्क्यासकट.

आता चार तास.
चार तास म्हणजे किती, ते फिंदा मिलिमोनोला विचारा.
तिचा साआ पलीकडे, ताडपत्रीच्या आत.
नळीवर त्याचं नाव नाही, नुसतं एकशे सतरा.
ती आंब्याखाली भुईमूग सोलते
आणि सोललेले दाणे पुन्हा टरफलांत टाकते.

तिसऱ्या तासाला जनरेटर खोकला.
आतली बॅटरी वीस मिनिटं तग धरते, म्हणे.
मी फिल्टर काढला, नळी तोंडाने ओढली,
अर्धा घोट पोटात गेला.
मग तो लागला, शिव्या देत, पण लागला.

खिडकीतून पडदा दिसतो.
इस्पितळातल्या पडद्यावर सपाट रेघ म्हणजे संपलं.
इथे उलटं. चढेल ती वाईट.
एकशे सोळा बराच वेळ गप्प होती, मग वळली, वर गेली.
मादामनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.
एकशे सतरा पडून राहिली आडवी,
दुपारच्या कुत्र्यासारखी.

फिंदाला सांगायला मला धाडलं,
माझी किस्सी मोडकी, तरी माझीच.
म्हणालो, नाही. तो आजार नाही.
मग पढवलेलं दुसरं वाक्य:
ताप कालचाच आहे, तीन दिवसांनी पुन्हा रक्त घेऊ.
तिने विचारलं, मग आजचं ‘नाही’ किती दिवसांचं?

हाताला हात लावायचा नाही, असा नियम.
तिने ओंजळ पुढे केली, मी टोपी धरली.
दाण्यांना डिझेलची चव होती, की माझ्याच तोंडाला.

एकशे सोळाचं कोण, म्हणून मी झाडाखाली पाहिलं.
तिथे आणखी कोणी बसलेलं नव्हतं.