अकरा नंबर

हिवाळे, तुमचे अकरा दात गेलेले नाहीत.
अकरा नंबरचा गेलाय. एकच.
वरचा, उजवा, अगदी मधला.
गेल्या वेळी तुम्ही रकान्यात लिहिलंत "पुढचा दात",
तिकडे कुणीतरी पुढचा म्हणजे दिसण्यापुरता समजलं
आणि शिक्का मारला: सौंदर्योपचार. नामंजूर.

बसा. पंख्याखाली नको, कागद उडतात.
नौपाड्यातल्या या दुसऱ्या मजल्यावर
नऊ वर्षं मी दातांचे कागद लावते.
डॉक्टर हाडात स्क्रू बसवतात,
मी तोच स्क्रू फायलीत बसवते.
कुठेही हलला की संपलं.

हे डबीवरचं स्टिकर, लॉट नंबरसकट.
जपून ठेवा म्हटलं होतं, तर तुम्ही पाकिटात ठेवलंत,
देवाच्या फोटोमागे. बरं केलंत.
हा आधीचा एक्स-रे, हा नंतरचा.
आधीच्यात तिथे काळोख, नंतरच्यात पांढरे आटे.
आधीच्यावर तारीख नाही. त्यांच्याकडून परत छापून आणा,
पेनाने घालू नका.
पेनाने घातलेली तारीख लांबूनही ओळखू येते.

आता अपघात.
तुम्ही म्हणता चौदा तारीख.
कोपरीची वरात, पुलाचा उतार,
लाइटच्या गाडीवरून पोरांचे हात सुटले
आणि दांडा सरळ तोंडावर.
सिव्हिलच्या केसपेपरवर पंधरा.
कारण वरात काही बाराला संपत नाही.
मग दोन्ही लिहू. घडलं चौदाच्या रात्री,
टाके पडले पंधराला, बारा चाळीसला.
तुमचा मालक म्हणतो सगळीकडे पंधरा करा, सोपं जाईल.
जातं सोपं.
मग एक दिवस कुणीतरी नवरीची पत्रिका मागतं.

पॉलिसी मुलीच्या कंपनीची, ऐरोलीची.
तिथे तुम्ही सदानंद. आधारवर सदानंदा.
हा एक काना बेचाळीस हजारांचा आहे, हिवाळे.

"उपचाराची गरज" समोर डॉक्टरांनी लिहिलं होतं: चावणे.
तुम्ही हसलात, ओठ झाकून.
चावायला बाकीचे आहेत की, म्हणालात,
मला फुंकायला पाहिजे.
आणि पिशवीतून क्लॅरिनेटचं तोंड काढलंत,
फडक्यात गुंडाळलेलं.
काळ्या मुखपट्टीवर एक खाच.
एकतीस वर्षांच्या लग्नसराया,
एकच दात, एकाच जागी टेकून.
मी नख फिरवलं. नख अडकलं.

या सीझनला तुम्ही खुळखुळा वाजवत होता.
त्याच बँडमध्ये, शेवटच्या ओळीत,
कोट तोच, रोजी निम्मी.

खुळखुळ्याला रकाना नाही.
तरी मी टाइप केलं: रुग्ण वादक आहे,
वाद्य वरच्या मधल्या दातांवर टेकतं,
रोजगार त्यावर आहे.
मालकाचं पत्र जोडलं, खाडाखोड नसलेलं, तिसऱ्या खेपेचं.
खाचेचा फोटो जोडला, शेजारी मोजपट्टी ठेवून.
दस्तऐवज क्रमांक नऊ.

पैसे आले.
हातमोजे, मास्क आणि कापूस कापून.
कॅपचं बिल वेगळं, चार महिन्यांनी,
तेव्हा पुन्हा हेच सगळं, पुन्हा अकरा नंबर,
पुन्हा तो काना.

परवा आलात. पेढे नाही, चिक्की आणलीत, मुद्दाम.
नवा दात छान बसलाय. रंगही जुळलाय.
फक्त त्या खाचेत बसत नाही, म्हणालात,
केसभर अलीकडे टेकतो,
वरचा सूर घ्यायला गेलं की घसरतो.

मी सवयीने तोंड उघडलं,
नवी मुखपट्टी घेतलीत तर बिल
आणि तिथेच थांबले.

नको हो, म्हणालात.
शेजारी दुसरी पाडतोय.