प्रकरण नऊनंतर

पहिल्या दिवशी मी चारशे बारा पानांवर
ऱ्हस्व-दीर्घाची लाल पेन्सिल पेरून नेली.
वाशी, सेक्टर नऊ, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
पैठणकर बाईंनी गठ्ठा चाळला, चष्मा कपाळावर सारला,
म्हणाल्या, घर कुठे कलतंय ते बघायला धाडलं होतं तुला,
तू फरशी पुसून आलीस.
आणि खोडरबर दिला.

पुढचे तीन महिने नुसतं वाचायचं.
एकदा सलग, एकदा शेवटाकडून,
एकदा फक्त दारं मोजत:
कोण आत आलं, कोण बाहेर गेलं,
कोण गेलं ते परत आलंच नाही.

कादंबरी घणसोली गावातल्या हसुराम मढवींची.
खाडी, मिठागरं, बांध, उघाडी,
मग मोजणीवाले, नोटिसा, साडेबारा टक्क्यांचे हेलपाटे.
गोष्ट खरी सुरू होते पान सत्त्याऐंशीला, मी म्हणाले,
आधीचं सगळं कापू.
बाई म्हणाल्या, काप की.
फक्त ते त्याने का लिहिलं असेल, तेवढं सांग.
सांगता येईना,
म्हणून कापता येईना.

चांगुणा, नायकाची थोरली बहीण.
पहिल्या प्रकरणात भर उन्हात मीठ ओढते,
चौथ्यात मुकादमाच्या पायांवर टोपली रिकामी करते,
नवव्यात अंगणात दिवा लावते
आणि संपते.
मेली नाही, उजवली नाही,
गावाला गेली असंही कुणी म्हणत नाही.
मी वहीत लिहिलं: पात्र हरवलं.
खाली दोन रेघा. अगदी खुशीत.

त्या रविवारी नेरूळच्या घरी, गॅलरीत, ओल्या कपड्यांखाली बसून
मीच लिहून टाकली तिला.
तीन पानं. रात्रीची भरती, होडी, चिखलात रुतलेली एक बांगडी.
बाईंनी दोनदा वाचली. चहा गार झाला.
छान आहे, म्हणाल्या. खरंच छान.
मग ती पानं खणात ठेवली, खण सारला.
ही तुझी चांगुणा. त्याला त्याची शोधू दे.

लेखकाला पाठवायचं पत्र मी सात वेळा लिहिलं.
पहिल्यात फार हुशार होते.
तिसऱ्यात मिठागराची उपमा होती,
पाणी आत घ्यावं आणि थांबावं वगैरे.
बाईंनी समासात लिहिलं: पत्र आहे हे, तुझं पुस्तक नाही.
पाचव्यात इतकी नम्र, की काही म्हणतच नव्हते.
सातव्यात एक प्रश्न उरला.
ती कुठे गेली, असा नाही.
नवव्या प्रकरणानंतर घरातलं कुणी
तिचं नाव का घेत नाही?

हसुराम आले. पांढरा शर्ट, खिशात पत्राची घडी.
पाण्याचा पेला धरून खूप वेळ बसले.
खाली रिक्षावाला ओरडत होता, कोपरखैरणे, कोपरखैरणे, एक सीट.
मग म्हणाले,
घरात पन कुनी घेत नाय.
पेला ठेवला. भरलेलाच.

ते गेल्यावर मी पानं उलटली.
नववं प्रकरण संपतं शहाऐंशीव्या पानावर.
मी कापायला निघाले होते
ती सगळी तिची पानं होती.

आठ महिने काही नाही.
बाईंनी विचारलं नाही, मीही नाही.
दिवाळी उलटल्यावर सुकटीचा वास असलेल्या पिशवीतून
नवा गठ्ठा आला.
आधीची पानं तशीच.
सत्त्याऐंशीपासून मात्र रोज रात्री
आई तांदळाची एक भाकरी जास्त थापते,
आणि सकाळी ती कोण खातं
याबद्दल घरात बोलणं नाही.

पान एकशे चार. मीठ ऱ्हस्व लिहिलंय.
बोटं शिवशिवली.
पेन्सिल कानामागेच राहू दिली.
कडी वाजली आहे तिथे,
आणि उठायला अजून कुणी तयार नाही.