सहामाही अहवाल

पारसिकचा डोंगर तुर्भ्याच्या अंगाला जिथे उभा चिरलाय
तिथे पत्र्याच्या केबिनमध्ये माझं टेबल.
अकरा वर्षं, दर जूनला नि डिसेंबरला,
मी तोच अहवाल टाइप करते.
टाइप म्हणजे काय, जुनी फाइल उघडायची
आणि तारीख बदलायची.

अट क्रमांक चार : क्रशरवर पाण्याचा फवारा. पालन चालू आहे.
नळ आहे. खोटं कशाला बोलू?
पोरं त्यावर बनियन वाळत घालतात.

अट क्रमांक सात : धुळीचं मोजमाप. पालन चालू आहे.
यंत्र वॉचमनच्या खाटेखाली
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय,
त्याला धूळ लागू नये म्हणून.

अट क्रमांक अकरा : दोन हजार देशी झाडे.
त्यासाठी उरणहून बाबू कडूचा टेम्पो येतो
तपासणीच्या आदल्या रात्री.
करंज, बहावा, जांभूळ, काळ्या पिशव्यांसकट
खड्ड्यात बसवायची, वर लाल माती भुरभुरायची.
साहेब काठाकाठाने पन्नास पावलं चालतात.
फोटो. शहाळं.
म्हणतात, रोपं जोमात आहेत.
आणि असतातच जोमात, नर्सरीत वाढलेली ती.
दिवे लागायच्या आत परत टेम्पोत.
बाबू म्हणतो, बाई, या जांभळीनं चार खाणी पाहिल्या,
पण बूड कुठेच टेकलं नाही.
मी हसले होते.
तेही इथे लिहून ठेवते.

डिसेंबरात परत नेताना एक रोप कमी भरलं.
बाबूनं दोनदा मोजलं, शिवी घातली, गेला.

जूनमध्ये ते सापडलं, सायव्वाच्या झोपडीमागे.
करंज, गुडघाभर.
पिशवी फाटून मूळ शिरलं होतं
सुरुंगासाठी पाडलेल्या, भरायच्या राहिलेल्या भोकात.
दारूच्या जागी माती ती सायव्वाचीच.
भांड्यांचं पाणी तिचंच.
तिचा नवरा तिप्पण्णा गेल्या साली गेला.
डॉक्टरांनी मोठं नाव लिहिलं होतं,
ती त्याला दगडाचा दमा म्हणते.

त्या दिवशी मी अकराव्या अटीपुढे टाइप केलं :
जिवंत झाडे, १.
साहेबांना वाटलं, बटण अडकलं.
पेनानं पुढे आकडे घातले,
म्हणाले, कीबोर्ड बदलून घ्या.

नवा कीबोर्ड आला.
त्याच आठवड्यात आराखडाही आला :
पश्चिमेची पायरी, भोकं एक ते पन्नास.
सायव्वाचं करंज त्रेचाळिसावं.

मी तिला सांगायला गेले. नाही सांगितलं.
तीच म्हणाली, कागदात लिहिलंस का गं माझं झाड?
म्हटलं, लिहिलं.
किती लिहिलंस?
मी गप्प.
ती खडी चाळता चाळता बोलली,
मी शाळेचं तोंड बघितलं नाही,
पण ब्रास भरला नसताना भरला म्हटलं नाही कधी,
आणि भरला असताना मुकादमाला कमी लिहू दिलं नाही.

दीड वाजता भोंगा झाला.
आम्ही दोघी पाण्याच्या टाकीआड बसलो.
खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या चालल्या होत्या.
मी कान झाकले.
ती बोटांवर मोजत होती.