मुरार छावणी, पहिला महिना

देव उजव्या हाताला ठेवून
अकरा वर्षं चालत आलो.
इथे सगळं डाव्या पायापासून सुरू होतं.
हवालदार भदौरिया ओरडतो, "पंडितजी, बायाँ!"
आणि मी चुकतो,
पुन्हा चुकतो,
माझ्यामागे अख्खी रांग अडखळते.

ग्वाल्हेरचं धुकं असं
की किल्ला आहे, एवढं मानून चालायचं.
वर कुठेतरी विमानं गरजतात, दिसत नाहीत.
तांब्यातलं पाणी मात्र थरथरतं.

बेरेखाली शेंडी दुमडून बसते,
उशिरा आलेल्या पोरानं
मागच्या बाकावर बसावं तशी.

बराकीत आम्ही चौघं:
ग्यानी हरनेक सिंग,
बाराबंकीचे मौलवी इरफानुल्ला,
पाद्री लालरेमरुआता, ज्याचं नाव
मला चौथ्या दिवशी नीट घेता आलं,
आणि मी, औंढ्याचा.
गरम पाण्याची बादली एकच.
ती आधी कुणी घ्यायची
हे चारही ग्रंथांत सापडत नाही.

रविवारी लष्करात गजक घ्यायला गेलो.
दुकानदार मराठीत म्हणाला,
"महाराष्ट्राहून आले का तुम्ही?
आम्ही इथलेच आहोत, सहा पिढ्या झाल्या."
त्याचं मराठी हिंदीच्या अंगणात वाढलेलं,
तरी कान भरून आले.
उगाच पाव किलो जास्त घेतलं.
सुमेधा म्हणेल, एवढं कोण खाणार.

गुरुवारचा तास: वाईट बातमी कशी सांगावी.
सुभेदार साहेबांनी फळ्यावर काही लिहिलं नाही.
म्हणाले, जवानाचं नाव पूर्ण घ्या.
त्यांना बसा म्हणू नका, आधी तुम्ही बसा.
पाणी मागा. घरात कुणीतरी उठेल,
उठायला काहीतरी कारण हवं असतं.

मग सराव.
मौलवींनी डोक्यावरून टॉवेल घेतला
आणि ते आई झाले.
आम्ही हसलो. पाद्री तर तोंड फिरवून हसला.
मी बसलो. पाणी मागितलं. पूर्ण नाव घेतलं.
दुसरा अध्याय ओठांशी येऊन उभा होता,
दहाव्याला, तेराव्याला
किती अंगणांत म्हटलेला.

मौलवींनी टॉवेलचं टोक दातांत धरलं,
माझ्याकडे न बघता विचारलं,
"खाना खाया था उसने?"

बाहेर कुणीतरी जीप धूत होतं.
त्या पाण्याचा आवाज येत राहिला.
आत्मा जळत नाही, भिजत नाही, वाळत नाही,
हे मला येतं.
तो जेवला होता का, हे येत नाही.

साहेबांनी उत्तर सांगितलं नाही.
घड्याळ बघितलं आणि म्हणाले, उद्या.
मौलवींनी टॉवेलची घडी केली,
जरा जास्तच वेळ लावून केली.
त्यांचा एक धाकटा भाऊ होता म्हणतात.
आम्ही कुणी विचारलं नाही.

रात्री नऊला कँटीनच्या भिंतीपाशी रेंज येते.
शाल्मलीला दातांबद्दल सांगायचं होतं,
एक हलतोय, एक हलणार आहे.
मी मध्येच विचारलं, जेवलीस?
"हो."
काय जेवलीस?
"वरणभात."
अजून?
"अर्धी पोळी. बाबा, तुम्ही असं का विचारताय?"
मागून सुमेधाचा आवाज, काय झालं गं,
आणि मग तिनं फोन घेतला
आणि काहीच बोलली नाही,
आणि मीही.
आमचं बिल वाढत राहिलं.

वहीत 'वाईट बातमी' लिहिलेल्या पानाखाली
मी तारीख घातली.
वरणभात. अर्धी पोळी.
हरनेक सिंग दिवा मालवायला उठले,
डोकावून म्हणाले, कसला धडा?
म्हटलं, कोण काय जेवलं ते.
ते थोडा वेळ बटणावर हात ठेवून उभे राहिले.
म्हणाले, माझंही लिही.
दोन फुलके.
तिसरा घेतला होता,
पण तो मोजू नकोस.